मेट्रो आपल्या रस्त्यावरून जाणार: सोसायट्यांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या रस्त्यावर माती परीक्षणाचं यंत्र येऊन उभं राहतं, तिथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढचे काही महिने दुसरा विषय नसतो. कुणी म्हणतं भाव वाढणार, कुणी म्हणतं गॅलरीतून हात काढला तर डब्याला लागेल. खालची उत्तरं मुख्यतः मुंबई आणि पुण्यातल्या उन्नत, म्हणजे पुलावरून जाणाऱ्या, मार्गांच्या अनुभवावर बेतलेली आहेत. एक मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरांचा कल कुठे आहे ते लपून राहणार नाही. सोसायट्या आपली सगळी ताकद ‘पुलावरून की जमिनीखालून’ या एकाच भांडणात घालवतात. ते भांडण बहुतेक वेळा रहिवाशांपर्यंत पोचण्याआधीच निकालात निघालेलं असतं. ज्या गोष्टी खरोखर मागून मिळू शकतात, त्या मात्र कुणी मागत नाही.

माती परीक्षण सुरू झालं. म्हणजे मार्ग पक्का झाला का?

दोन भोकांमध्ये किती अंतर आहे ते पाहा. प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तयार करताना काही शे मीटरवर एखादं भोक पाडतात. तेव्हा मार्ग अजून कागदावर हलू शकतो. पण साधारण पंचवीस-तीस मीटरवर भोकं पडू लागली, तर ती पिलरच्या जागेची तपासणी आहे. ठेकेदार नेमला गेला आहे आणि तुम्हाला उशीर झाला आहे.

त्याआधीचा क्रम असा: डीपीआर, राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी, गरजेप्रमाणे केंद्राची मंजुरी, कर्जाची जुळवाजुळव, निविदा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार डीपीआरच्या आधी पर्यायांची तुलना करणं बंधनकारक आहे. बस, ट्राम, हलकी रेल्वे, मेट्रो यांतलं या मार्गावर काय परवडतं आणि का, असा तो अहवाल असतो. माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज त्याच्यासाठी करा. डीपीआर सगळे मागतात, पण ‘इथे हेच का’ याचं उत्तर तुलनेच्या अहवालात असतं.

जमिनीखालून का नेत नाहीत?

पैसा. अभियंत्यांकडे बाकीची कारणंही असतात, पण ती नंतर येतात.

मुंबईत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी झाल्यामुळे तुलना सोपी आहे. दहिसर ते अंधेरी पश्चिम हा मेट्रो-२अ आणि द्रुतगती महामार्गावरचा मेट्रो-७ हे दोन्ही उन्नत मार्ग मिळून सुमारे ३५ किलोमीटर होतात आणि त्यांचा खर्च साधारण १२,६०० कोटी सांगितला गेला. म्हणजे किलोमीटरला ३६० कोटींच्या आसपास. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा भुयारी मेट्रो-३ मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा. त्याचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता. तो पूर्ण होईपर्यंत आकडा ३७ हजार कोटींच्या पुढे गेला, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींहून जास्त. वर्षं वेगळी, जमीन वेगळी, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. तरी तिपटीचा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

शिवाय खर्च बांधून संपत नाही. भुयारी स्टेशनात हवा खेळवायची, गारवा ठेवायचा, पाणी उपसायचं, दिवसभर दिवे लावायचे आणि आगीच्या वेळी धूर बाहेर काढण्याची यंत्रणा कायम सज्ज ठेवायची. हे विजेचं बिल तिकिटातून किंवा तिजोरीतून कायम भरायचं असतं.

म्हणून ‘भुयारी करा’ असं पत्र लिहिताना त्याच पत्रात ‘जादा पैसे कुठून आणायचे’ याचं एक तरी वाक्य असू द्या. नसेल तर ते पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

मग दक्षिण मुंबईला भुयारी कशी मिळाली? आम्ही काय घोडं मारलंय?

राग समजण्यासारखा आहे, पण उत्तर निव्वळ पक्षपाताचं नाही. काळबादेवी-गिरगावातून पूल न्यायचा तर रस्ताच नाही. इमारती एकमेकींना टेकलेल्या, निम्म्या पुरातन वारशात मोडणाऱ्या. तिथे उन्नत मार्ग म्हणजे दुतर्फा चाळींची रांगच पाडणं.

आणि भुयारी मेट्रो दक्षिण मुंबईला फुकट पडली असंही नाही. गिरगाव-काळबादेवीत स्टेशनांसाठी इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. चर्चगेट-कफ परेड भागातल्या झाडांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. रात्रीच्या कामाच्या आवाजावरून २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने कफ परेडला रात्रीचं काम काही काळ थांबवलं. बोगदा पवित्र विहिरींना धक्का लावेल म्हणून पारशी समाजातली मंडळी अग्यारीसाठी न्यायालयात गेली. कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत रात्रीतून झाडं पडली, ती याच भुयारी मार्गासाठी. मे २०२५ मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन पाण्याखाली गेलं, तेही भुयारीच. जमिनीखाली गेलं की त्रास दिसेनासा होतो, हे अर्धंच खरं आहे. स्टेशनाच्या तोंडाशी राहणाऱ्याला तो चांगला दिसतो.

किती रुंद रस्त्यावर पूल चालतो?

पिलर स्वतः फार जागा खात नाही. त्याचा व्यास साधारण दोन मीटर, भोवती संरक्षक कठडा, म्हणजे दुभाजकात अडीच-तीन मीटर गेले. वरचा पूल साधारण नऊ-दहा मीटर रुंद. एवढ्याने कुणाचं घर जात नाही.

घात होतो स्टेशनाचा. रस्त्याच्या मधोमध उभी केलेली, शंभराहून अधिक मीटर लांब आणि वीस मीटरहून रुंद अशी ती इमारतच असते. जिने, सरकते जिने आणि लिफ्ट दोन्हीकडच्या फुटपाथवर उतरतात. त्यामुळे नकाशा हातात आला की मार्गाची रेघ बघत बसू नका, स्टेशनाचा चौकोन कुठे आहे आणि जिने कुणाच्या कंपाउंडला लागून उतरतात ते पाहा.

माझं मत असं. लिंक रोड, द्रुतगती महामार्ग, पुण्यातला मुंबई-पुणे रस्ता यांसारख्या रुंद रस्त्यांवर उन्नत मार्गच योग्य. तिथे भुयाराचा हट्ट म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मेट्रोचे पैसे आपल्या दारात पुरणं. पण दोन्हीकडे पाच-सात मजली जुन्या इमारती आहेत आणि स्टेशन बसवल्यावर इमारतीच्या कठड्यापासून फलाटाच्या छतापर्यंत जेमतेम काही मीटर उरतात, अशा रस्त्यावर पूल नेणं ही काटकसर नाही, तो खर्च शेजाऱ्यांच्या खात्यावर टाकणं आहे. अशा ठिकाणी निदान स्टेशन पुढच्या चौकात हलवता येतं का, हा प्रश्न लावून धरावा. मार्ग वळवण्यापेक्षा स्टेशन शे-दोनशे मीटर सरकवणं कितीतरी सोपं असतं.

जुहू-विलेपार्ल्याच्या रहिवाशांनी विरोध केला होता ना? त्याचं काय झालं?

हे प्रकरण प्रत्येक सोसायटीने नीट पाहावं, कारण त्यात सगळं आहे.

चारकोप-वांद्रे-मानखुर्द या मेट्रो-२ चं भूमिपूजन ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. मार्ग पूर्ण उन्नत, खासगी भागीदारीतून. जुहू-विलेपार्ले योजनेतल्या रहिवाशांनी भुयाराची मागणी लावून धरली. दुसरीकडे कारशेडच्या जागांना किनारपट्टी नियमांची अडचण आली, रस्त्याची जागा ताब्यात येईना, ठेकेदार आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. २०१४ मध्ये करार गुंडाळला गेला. मधल्या काळात हा मार्ग भुयारी करण्याची घोषणाही झाली होती. त्यानंतर सरकार बदललं, मार्गाचे २अ आणि २ब असे दोन तुकडे झाले आणि दोन्ही पुन्हा उन्नत ठरले. २ब विरोधात रहिवासी उच्च न्यायालयात गेले. तरी मार्ग उन्नतच बांधायला घेतला गेला.

हिशेब काय लागतो? रुंद लिंक रोडवरचा २अ एप्रिल २०२२ मध्ये अर्धा आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाला. म्हणजे भूमिपूजनानंतर तेरा वर्षांनी. या उशिराचं खापर एकट्या रहिवाशांवर फोडणं अन्यायाचं होईल. मुळात करारच कच्चा होता. पण भुयाराच्या घोषणेवर विसंबून ज्यांनी मधली वर्षं निश्चिंत घालवली, त्यांना शेवटी पूलही मिळाला आणि पुलाबद्दल घासाघीस करायची वेळही निघून गेली. मंत्र्यांच्या घोषणेला मंजुरी समजू नये. त्या घोषणेनंतर सुधारित डीपीआर निघाला का, त्याला निधी मिळाला का, एवढंच विचारावं.

पेडर रोडचा उड्डाणपूल तर लोकांनी थांबवला. मग आपण का नाही?

थांबवला हे खरं. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी जाहीर विरोध केला, विषय देशभर गाजला आणि पूल झाला नाही. पण त्याच शहरात २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल मोहम्मद अली रोडवरून गेला. अडीच किलोमीटरच्या आसपासचा हा पूल दुतर्फा घरांच्या खिडक्यांना जवळजवळ चिकटून जातो. तिथल्या लोकांना आवाज आणि धूर आवडतो असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी तेवढं मोठं नव्हतं, इतकंच.

हे आठवण करून देण्याचं कारण आहे. ‘आमच्या भागाचं वैशिष्ट्य’ हा मुद्दा घेऊन तुम्ही गेलात की अधिकारी मनातल्या मनात हीच तुलना करतो. त्यापेक्षा रस्त्याची रुंदी, रुग्णालय, शाळा, अग्निशमन गाडीचा रस्ता हे मुद्दे मोजून दाखवता येतात आणि ते कुठल्याही वस्तीला लागू असतात.

पुण्यात भुयार झालं ना? मग तिथे भांडण मिटलं?

शिवाजीनगर ते स्वारगेट हा पेठांखालचा भाग भुयारी झाला, कारण कसबा आणि मंडईतून दुसरा मार्गच नव्हता. वनाज-रामवाडी मात्र पूर्ण उन्नत आहे. दिल्ली मेट्रोने केलेला डीपीआर २००९ चा, भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं. मधली वर्षं ‘वरून की खालून’ यात गेली. पुणेकरांनी वाद घातला नसता तरच नवल.

जंगली महाराज रस्त्यावरून पूल नको म्हणून काय झालं, ते बोलकं आहे. मार्ग सरकला तो थेट मुठा नदीच्या पात्राच्या कडेला. मग नदीसाठी झटणारी मंडळी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. तिथे काही काळ काम अडलं, अटी घातल्या गेल्या आणि शेवटी मार्ग तिथूनच गेला. आज डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं नदीकाठी उभी आहेत. रस्त्यावरच्या दुकानदारांना आणि बंगलेवाल्यांना आवाज होता. नदीला वकील शोधावा लागला. आपण ‘इथून नको’ म्हणतो तेव्हा तो मार्ग कुठेतरी जातोच. नवी जागा कुणाची, हे विचारायची जबाबदारी ‘नको’ म्हणणाऱ्यावरही आहे.

पुण्याचा दुसरा किस्सा लकडी पुलाचा. २०२१ मध्ये गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, बसवायची वेळ आली तेव्हा गणेश मंडळांच्या लक्षात आलं की, विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ खालून जाणार नाहीत. काम थांबलं, बैठका झाल्या, पुढे ते पूर्ण झालं. वर्षानुवर्षं मिरवणूक कुठून जाते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते आराखड्यात वेळेवर का आलं नाही, याचं उत्तर सोपं आहे: आराखडा होताना त्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणाला बसवून विचारलंच नव्हतं.

आवाज किती होईल?

या प्रश्नाला ‘काही नाही होत, रस्त्याचाच जास्त असतो’ असं उत्तर मिळेल. ते पहिल्या मजल्यासाठी बरंचसं खरं आहे आणि पाचव्यासाठी नाही.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्या मोठ्या रस्त्यांवर दिवसाची मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे, त्यामुळे दुपारच्या गाडीचा आवाज हॉर्नमध्ये बुडून जातो. खरी परीक्षा रात्री दहानंतरच्या आणि पहाटेच्या पहिल्या गाड्यांची. तेव्हा रस्ता शांत असतो आणि गाडी एकटी वाजते.

आवाज कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे मागणी नेमकी करता येईल. सरळ मार्गावर चाक आणि रूळ यांच्या घर्षणाची घरघर असते. रूळ घासून गुळगुळीत ठेवले की ती कमी होते, दुर्लक्ष झालं की वाढते. वळणावर धातूची किंचाळी ऐकू येते. ती सर्वांत त्रासदायक, आणि असं वळण कुठे येतं ते नकाशावर आजच दिसतं. तिसरा आवाज पुलाच्या काँक्रीटमधून येणारी गडगड. मुंबईच्या नव्या मार्गांवर बऱ्याच ठिकाणी यू-आकाराचे गर्डर आहेत. त्यांच्या उभ्या बाजूच आडोशाचं काम करतात, त्यामुळे खालच्या मजल्यांना थोडा दिलासा मिळतो. पण रूळ तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या पातळीत असले तर वरच्या मजल्यांना आडोसा उरत नाही. म्हणून ध्वनिरोधक पडदे मागताना उंचीसकट मागा. कुठल्या इमारतीच्या कुठल्या मजल्यासाठी, हे लिहून द्या. आणि काम सुरू होण्याआधी रात्री अकरा आणि पहाटे साडेपाचचं मोजमाप अधिकृत प्रयोगशाळेकडून करून ठेवा. नंतर ‘आधीपासूनच एवढा होता’ असं कुणी म्हटलं तर हातात कागद हवा.

गाडीतून आमच्या घरात दिसेल का?

दिसेल, जिथे अंतर कमी तिथे. वर्सोवा-घाटकोपर मार्गावर सुरुवातीला लोक हेच बघत जायचे. सिंगापूरच्या बुकित पांजांग मार्गावर घराजवळून जाताना खिडकीची काच आपोआप धुरकट होते. आपल्याकडे पुलाच्या कडेला अपारदर्शक पडदा मागणं हा व्यवहार्य उपाय. ध्वनिरोधक पडद्याबरोबर एकाच अर्जात मागा. बाकी, बहुतेक प्रवासी मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असतात.

फ्लॅटचा भाव वाढेल की पडेल?

एकाच सोसायटीत दोन्ही होऊ शकतं. मागच्या विंगला स्टेशन चालत पाच मिनिटांवर आलं आणि आवाज शून्य, त्यांचा फायदा. रस्त्याकडच्या विंगच्या दुसऱ्या ते पाचव्या मजल्याला फलाटाचं छत दिसतं, त्यांचा तोटा. सर्वसाधारण सभेत मेट्रोला पाठिंबा देणारे आणि विरोध करणारे बहुधा विंगप्रमाणेच बसलेले आढळतील.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. जमीन गेली तर मोबदला मिळतो. दृश्य, उजेड आणि शांतता गेली तर आपल्याकडे भरपाईची सोय नाही. उलट मेट्रोच्या नावाने मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपुरात एप्रिल २०२२ पासून घरखरेदीवर एक टक्का अधिभार सगळेच भरतात, स्टेशन जवळ असो वा नसो.

पुनर्विकासाचा विचार चालू असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. मेट्रो मार्गाजवळच्या पट्ट्यात चटईक्षेत्राच्या वाढीव सवलती मिळू शकतात. पुण्यात स्टेशनपासून पाचशे मीटरच्या परिघात त्या देण्याचं धोरण आहे. पण मार्गाला लागून बांधताना मेट्रो प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) लागतं. आणि इथे भुयाराच्या समर्थकांनी थांबून विचार करावा: बोगद्याच्या वर किंवा बाजूला इमारत असेल तर पायाची खोली आणि तळघर यांवर येणारी बंधनं उन्नत मार्गापेक्षा कडक असतात. दोन मजली तळघर-पार्किंगचं स्वप्न बघणाऱ्या सोसायटीला बोगदा महाग पडू शकतो.

झाडांचं काय?

मेट्रोला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, कारण रेल्वे त्या यादीतच नाही. त्यामुळे मोठी जनसुनावणी होईल म्हणून वाट बघत बसू नका. हातात उरतो तो १९७५ चा झाडांचा कायदा आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. झाडावर नोटीस लागते, हरकतींना थोड्याच दिवसांची मुदत असते. ‘झाडं तोडू नका’ अशा शंभर सारख्या अर्जांपेक्षा प्रत्येक झाडाचा क्रमांक, घेर आणि ‘जिना तीन मीटर सरकवला तर हे वाचतं’ असं लिहिलेला एक अर्ज जास्त चालतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष धरली जातात. तुमच्या सोसायटीच्या जुन्या फोटोंत ती दिसत असतील तर ते फोटो पुरावा आहेत. पुनर्रोपणाच्या आश्वासनावर मात्र फार विसंबू नये. उपटून नेलेला वड तीन पावसाळ्यांनंतर कसा आहे, हे बघायला नंतर कुणी जात नाही.

काम किती वर्षं चालेल?

सांगतील तीन, धरून चाला पाच-सहा. वर्सोवा-घाटकोपर हा साडेअकरा किलोमीटरचाच मार्ग, पण बांधकाम २००८ च्या सुरुवातीला सुरू झालं आणि गाडी धावली ८ जून २०१४ ला.

या काळात सर्वांत आधी मरतो तो रस्त्याकडेचा दुकानदार. कामाभोवती पत्रे लागले की पार्किंग गेलं, फुटपाथ गेला, गिऱ्हाईक पलीकडच्या रस्त्यावर गेलं. बंगळुरूत इंदिरानगरच्या सीएमएच रोडवरच्या व्यापाऱ्यांनी मार्ग दुसऱ्या रस्त्याने न्यावा म्हणून बरीच वर्षं लढा दिला. तरी मार्ग तिथूनच गेला. सोसायटीने आपल्या तळमजल्यावरच्या गाळेधारकांना बैठकीला बोलावलंच पाहिजे. त्यांचं नुकसान महिन्याला मोजता येतं, आणि ते तुमच्या तक्रारीत वजन आणतं.

खोदकामाने इमारतीला तडे गेले तर?

काम सुरू होण्याआधी इमारतीची पाहणी करून तिचा अहवाल द्यावा, अशी लेखी मागणी ठेकेदार आणि प्राधिकरण दोघांकडे करा. त्याशिवाय स्वतःचा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. जुन्या तड्यांचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसकट काढा. जुना तडा लपवू नका. लपवलात तर नव्या तड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पुलाखाली काय होणार?

इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, आणि हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

पूल एकदाच बांधला जातो. पुलाखालची जागा मात्र पुढची पन्नास वर्षं रोज वापरात असते, आणि ती कुणाची हेच ठरलेलं नसतं. रस्ता महापालिकेचा, पिलर मेट्रोचे, जिन्याखालचा कोपरा दोघांचाही नाही. मग पत्रे निघतात तेव्हा फुटपाथ आधी होता त्याच्या निम्मा उरलेला असतो, जिना त्याच्या मधोमध उतरतो, रिक्षा स्टेशनाच्या तोंडाशी तीन रांगांत उभ्या राहतात, पिलरमधल्या जागेत डेब्रिज साचतं. पावसाळ्यात पुलावरचं पाणी पाइपातून थेट रस्त्यावर सोडलेलं असतं. वर वातानुकूलित गाडी, आणि तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आजोबांनी काठी टेकत चालत्या गाड्यांतून रस्ता ओलांडायचा. रहिवाशांना मेट्रोचा राग येतो तो बहुतेक वेळा पुलाचा नसतो, या खालच्या पसाऱ्याचा असतो.

यातलं जवळजवळ सगळं मागून मिळण्यासारखं आहे, कारण त्याचा खर्च एकूण प्रकल्पात किरकोळ असतो. जिना फुटपाथवर न उतरवता शेजारच्या सरकारी किंवा पालिकेच्या भूखंडात उतरवा. तसा भूखंड नसेल तर सोसायटीने स्वतः कंपाउंडची पट्टी देऊन बदल्यात काय मागता येईल हे वकिलाला विचारावं. लिफ्ट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवी. ‘एका बाजूला आहे की’ हे उत्तर मान्य करू नका. स्टेशनाचा पादचारी पूल तिकीट न काढणाऱ्यालाही रस्ता ओलांडण्यासाठी खुला असला पाहिजे. रिक्षा आणि बस थांब्याची जागा आराखड्यात रंगवलेली असली पाहिजे. पुलाचं पाणी गटारात किंवा जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्यात गेलं पाहिजे. दुभाजकातल्या झाडझुडपांची निगा कोण आणि किती वर्षं राखणार, याचं नाव हवं. काम संपल्यावर फुटपाथ पूर्वीइतक्या रुंदीचा परत करण्याची तारीखही हवी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पालिका, मेट्रो आणि वाहतूक पोलीस अशा तिघांच्या सह्यांचं एकच इतिवृत्त मागा. तीन वेगळी आश्वासनं मिळाली तर त्यातलं एकही पाळलं जात नाही.

ताळमेळ नसला की काय होतं ते पाहा. पुण्यात विद्यापीठ चौकातला जेमतेम दीड दशकाचा उड्डाणपूल २०२० मध्ये हिंजवडी मार्गासाठी पाडावा लागला, कारण तो बांधताना वर मेट्रो येणार हे कुणी धरलंच नव्हतं. उलट उदाहरण नागपुरातलं: वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो असं सव्वातीन किलोमीटरच्या आसपास एकाच पिलरवर बसवलं. ते पाहायला सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पण रस्ता दोनदा खोदला गेला नाही.

मेट्रोऐवजी बस का नाही?

चांगला प्रश्न, चुकीच्या वेळी विचारलेला. तो पर्यायांच्या तुलनेच्या टप्प्यावर विचारायचा असतो. आणि ‘मोनोरेल बारीक असते, ती चालेल’ असं कुणी म्हणालं तर चेंबूर-जेकब सर्कल मार्गाकडे बोट दाखवा: सुमारे वीस किलोमीटर, डबे रिकामे, शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी सेवा बंद करावी लागली. पूल बारीक असून उपयोग नाही, त्यावरून माणसं जायला हवीत. वर्सोवा-घाटकोपर मार्गावर ती जातात, कामाच्या दिवशी साडेचार-पाच लाख. त्यामुळेच तिथला विरोध गाडी सुरू झाल्यावर विरघळला.

कोर्टात जावं का?

नियम मोडला असेल तर जावं: झाडांची परवानगी, रात्रीचं काम, भूसंपादनाची नोटीस. ‘मार्ग चुकीचा निवडला’ एवढ्यावर न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. ते तज्ज्ञांचं आणि सरकारचं काम मानतात. स्थगिती मिळाली तरी ती तात्पुरती असते, आणि तेवढ्या काळात तुमच्या दारातले पत्रे तसेच राहतात. हे वाक्य वकील सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

सोसायटीतच दोन गट पडले आहेत. ठराव कसा करायचा?

दोन वेगळे ठराव करा. पहिला उन्नत की भुयारी याबद्दल. त्यावर मतभेद राहतील, मतांची संख्या लिहा आणि सोडून द्या. दुसरा जिने, लिफ्ट, पडदे, फुटपाथ, पाणी आणि इमारतीची पाहणी याबद्दल. त्यावर बहुधा सगळ्यांचं एकमत होतं, विरोधकांचंही, कारण पूल झालाच तर तो बरा व्हावा असं त्यांनाही वाटतं. हा दुसरा ठराव रस्त्यावरच्या शेजारच्या सोसायट्यांकडूनही जसाच्या तसा करून घ्या.

पत्र कुणाला लिहायचं?

मुंबई-ठाण्यात बहुतेक उन्नत मार्ग एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बांधते. पुणे आणि नागपुरात महामेट्रो, पण पुण्याचा हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. प्रत वॉर्ड ऑफिसला, वाहतूक पोलिसांना आणि ठेकेदाराच्या साइट ऑफिसला. पोचेचा शिक्का प्रत्येक प्रतीवर घ्या. साइट ऑफिसात शिक्का नसतो, तिथे सही आणि तारीख घ्या.